वकिलाचा जाहीर शब्द: दुभंगलेल्या वातावरणात काय बोलावे, काय राखावे

जमीन, आरक्षण, धर्म किंवा निवडणूक यांवरून गावात दोन तट पडले की त्या भांडणाचे कागद आज ना उद्या वकिलाच्या टेबलावर येतात. वकील मात्र त्याच गावात राहतो. त्याला लग्नाला बोलावतात, मोर्चात बोलावतात, पत्रकार फोन करतात आणि त्याचे व्हॉट्सॲप स्टेटस अख्खा तालुका पाहतो. अशा वेळी त्याने जाहीरपणे काय बोलावे? मोठ्या शहरांतल्या लॉ फर्म यासाठी जनसंपर्क सल्लागार नेमतात. नंदुरबार, शहादा, तळोदा किंवा नवापूरच्या वकिलाला हा निर्णय स्वतःच, आणि बहुधा कोर्टाच्या पायरीवर उभ्या उभ्या घ्यावा लागतो. म्हणून नियम, निकाल आणि काही खरी उदाहरणे इथे एकत्र मांडली आहेत.

जिल्हा आणि त्यातले तट

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार इथली लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख होती. त्यातले जवळपास ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे, आणि साक्षरतेचे प्रमाण राज्यात सर्वांत कमी, ६४ टक्क्यांच्या आसपास. उच्च न्यायालयात जायचे तर छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाची वाट धरावी लागते.

इथले बहुतेक वाद निव्वळ खासगी राहत नाहीत. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे गेल्याचा दावा असला की १९७४ चा जमीन परत करण्याचा कायदा पुढे येतो आणि त्यामागे शहादा-तळोद्यात सत्तरच्या दशकात झालेल्या श्रमिक संघटनेच्या लढ्याची आठवणही जागी होते. वनहक्काचा दावा २००६ च्या कायद्याचा, पण त्याला वनखाते विरुद्ध गाव असे रूप येते. टोकरे कोळी म्हणून अर्ज केलेल्या तरुणाचा जमातीचा दाखला तपासणी समितीने अवैध ठरवला, तर एका बाजूला त्याची नोकरी असते आणि दुसऱ्या बाजूला ‘बोगस आदिवासी हटवा’ ही घोषणा. धनगर समाजाच्या अनुसूचित जमाती आरक्षणाच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२४ रोजी फेटाळल्या, तरी रस्त्यावरचा वाद मिटलेला नाही. धर्मांतरित आदिवासींना यादीतून वगळण्याच्या मागणीवर तर घराघरांत मतभेद आहेत.

या प्रत्येक वादात दोन्ही बाजूंना वकील लागतो, आणि ते दोन्ही वकील एकाच बार रूममध्ये चहा पितात. जाहीर बोलण्याचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

नियम ३६: पाटीपासून वेबसाइटपर्यंत

वकिलांच्या आचारसंहितेचे नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ४९ खाली केले आहेत. त्यातला नियम ३६ सर्वांत महत्त्वाचा. वकिलाने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे काम मागू नये, जाहिरात करू नये, दलाल ठेवू नयेत. आपण चालवत असलेल्या प्रकरणांबाबत वर्तमानपत्रात मजकूर पुरवू नये, तो छापून यावा यासाठी खटपट करू नये आणि त्यासोबत छापायला आपला फोटोही देऊ नये.

दारावरच्या पाटीबद्दलही हा नियम बोलतो. पाटी माफक आकाराची असावी. बार कौन्सिलचा किंवा एखाद्या संघटनेचा अध्यक्ष वा सदस्य असल्याचा उल्लेख तिच्यावर नको. कोणत्याही व्यक्तीशी, संस्थेशी किंवा विशिष्ट चळवळीशी संबंध असल्याचे तिच्यावर लिहायचे नाही. अमुक कामातला तज्ज्ञ, माजी न्यायाधीश असेही लिहायचे नाही. पाटी वाचून आत कोणत्या पक्षाचा किंवा जमातीचा माणूस बसला आहे हे कळू नये, असाच याचा परिणाम होतो.

आता हा नियम हातात घेऊन गावातून फेरी मारा. सणावाराला चौकात लागणाऱ्या फ्लेक्सवर नेत्याच्या फोटोखाली शुभेच्छुकांच्या रांगेत काळ्या कोटातले चेहरे दिसतात. निकालाच्या बातमीच्या शेवटी ‘फिर्यादीतर्फे ॲड. अमुक यांनी काम पाहिले’ ही ओळ ठरलेली असते. बातमीदाराने कोर्टाच्या कागदावरून स्वतःहून नाव घेतले तर ते त्याचे काम झाले. वकिलाने फोटोसह तयार मजकूर बातमीदाराच्या मोबाइलवर धाडला, तर तो नियम ३६ चा प्रश्न होतो.

२४ मार्च २००८ च्या ठरावाने बार कौन्सिलने एक खिडकी उघडली. वकिलाला वेबसाइटवर नाव, पत्ता व संपर्क, सनदेचा क्रमांक व तारीख, शैक्षणिक पात्रता आणि कामाची क्षेत्रे एवढी माहिती देता येते. मद्रास उच्च न्यायालयाने ३ जुलै २०२४ रोजी वकिलांची नावे विकणाऱ्या ऑनलाइन पोर्टलांविरुद्ध कडक आदेश दिले. मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिलने अभिनेते आणि इन्फ्लुएन्सर यांच्यामार्फत होणाऱ्या वकिली जाहिरातींवर पत्रक काढले. इन्स्टाग्रामवर ‘जामीन मिळवून दिला’ म्हणून रील टाकणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. नियमभंग गैरवर्तन ठरला तर कलम ३५ खाली ताकीद, सनद निलंबन किंवा पटावरून नाव काढण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते.

महाराष्ट्राने हा प्रश्न फार पूर्वी पाहिला आहे. मुंबईच्या एस्प्लनेड दंडाधिकारी न्यायालयाच्या दारात पक्षकारांना ओढून कामे मिळवणाऱ्या वकिलांवर राज्याच्या बार कौन्सिलने कारवाई केली. दाभोळकर खटला म्हणून ओळखले जाणारे ते प्रकरण १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले आणि वकिली हा बाजार नव्हे हे तिथे ठामपणे सांगितले गेले. दारातली ओढाताण आता मोबाइलच्या पडद्यावर चालते, नियम मात्र तोच आहे.

गाऊन आणि बँड कुठे घालायचे

वकिलाने गाऊन आणि बँड न्यायालयाबाहेर सार्वजनिक ठिकाणी घालू नयेत. समारंभाचे प्रसंग आणि कौन्सिलने वा न्यायालयाने ठरवून दिलेली ठिकाणे तेवढी अपवाद. मोर्चाच्या ट्रकवर हा वेश चढवला की बोलणाऱ्याच्या मताला न्यायालयाचे वजन असल्याचा भास होतो. एसटी कर्मचाऱ्यांच्या आंदोलनात बँड-गाऊन घालून वावरल्याच्या आणि माध्यमांशी बोलल्याच्या तक्रारीवरून मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीने ॲड. गुणरत्न सदावर्ते यांची सनद दोन वर्षांसाठी निलंबित केली. त्या आदेशाला पुढे आव्हानही दिले गेले. आंदोलनाची बाजू कोणाला पटो वा न पटो, वेशाचा नियम सर्वांना सारखाच आहे.

अशिलाचे गुपित: दुभाष्यालाही बंधनकारक

अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करता येत नाही. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. काम संपले तरी हे बंधन संपत नाही. बेकायदा हेतू पुढे नेण्यासाठी सांगितलेली गोष्ट आणि नेमणूक झाल्यानंतर वकिलाने स्वतः पाहिलेला गुन्हा वा फसवणूक यांना हे संरक्षण नाही.

हे कलम वकिलाच्या कारकुनाला आणि दुभाष्यालाही लागू आहे, आणि नंदुरबारसाठी ही बाब फार मोलाची आहे. धडगावच्या वरच्या पाड्यातून आलेली बाई पावरीत किंवा भिलीत बोलते, सोबतचा पोरगा वकिलाला मराठीत सांगतो. वकिलाने दुभाषा म्हणून बसवलेल्या त्या पोराने संध्याकाळी चौकात ‘आज काय गंमत झाली’ म्हणून ते सांगितले, तर अशिलाचा विश्वास तिथेच तुटतो. म्हणून प्रत्येक वकिलाने आपल्या ज्युनिअरला, कारकुनाला आणि दुभाष्याला पहिल्याच दिवशी हे बजावले पाहिजे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. छोट्या पाड्यात नाव न लिहिता नुसते ‘अमुक गावच्या आश्रमशाळेतली सातवीतली मुलगी’ लिहिले तरी ओळख उघडी पडते.

प्रकरण कोर्टात असताना: नर्मदेचा धडा

सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली जी ३३ गावे आली ती अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यांतले सर्वांत ठळक नाव. नर्मदा बचाव आंदोलनाची याचिका १९९४ पासून सर्वोच्च न्यायालयात होती. ती चालू असताना आंदोलनाच्या नेत्यांची वक्तव्ये आणि अरुंधती रॉय यांचे लेखन यांवर न्यायालयाने १९९९ मध्ये नाराजी नोंदवली. १८ ऑक्टोबर २००० रोजी निकाल आंदोलनाच्या विरोधात गेला. १३ डिसेंबर २००० रोजी न्यायालयाच्या दाराशी निदर्शने झाली आणि काही वकिलांनी मेधा पाटकर, अरुंधती रॉय आणि आंदोलनाचे वकील प्रशांत भूषण यांच्याविरुद्ध अवमान याचिका केली. ती टिकली नाही. मात्र तिला उत्तर देताना रॉय यांनी प्रतिज्ञापत्रात लिहिलेल्या मजकुरावरून नवी कारवाई झाली आणि ६ मार्च २००२ रोजी त्यांना एक दिवसाची कैद व दोन हजार रुपये दंड झाला. भूषण यांनाच पुढे ऑगस्ट २०२० मध्ये दोन ट्वीटबद्दल एक रुपया दंड झाला.

या निकालांवर आजही मतभेद आहेत, आणि ते असावेत. पण कामाचा धडा स्पष्ट आहे. न्यायालयांचा अवमान अधिनियम, १९७१ नुसार कामकाजाचा खरा व न्याय्य वृत्तान्त (कलम ४) आणि निकाली निघालेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवरची न्याय्य टीका (कलम ५) अवमान ठरत नाही. निकालाचे तर्कशास्त्र चुकले असे वकील बिनधास्त म्हणू शकतो. न्यायाधीश विकले गेले असे पुराव्याविना म्हणणे ही निराळी गोष्ट आहे. प्रकरण चालू असताना साक्षीदार खोटा आहे, आरोपी सुटणारच, असे बाहेर सांगणेही टाळावे. ते युक्तिवादात सांगायचे असते, कारण तिथे उत्तर द्यायला समोरचा वकील हजर असतो.

वकीलपत्र म्हणजे पाठिंबा नव्हे

वकीलपत्र घेणे म्हणजे पाठिंबा देणे, हा दुभंगलेल्या समाजातला सर्वांत घातक गैरसमज आहे, आणि तो दूर करण्यासाठी वकिलांनी गप्प न बसता मोठ्याने बोललेच पाहिजे.

मुंबईवरील हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये तिथल्या वकिलांच्या एका संघटनेने हल्ल्यातला आरोपी कसाब याचे वकीलपत्र कोणी घेणार नाही असा ठराव केला. २००९ मध्ये न्यायालयाने ॲड. अंजली वाघमारे यांची नेमणूक करताच त्यांच्या घरावर जमाव चालून गेला. पुढे अब्बास काझमी आणि के. पी. पवार यांनी ती जबाबदारी सांभाळली. सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन यांनी न्यायालयाचे मित्र म्हणून त्याची बाजू मांडली. बचाव मिळाला म्हणूनच २९ ऑगस्ट २०१२ चा निकाल जगासमोर ताठ मानेने उभा राहिला.

६ डिसेंबर २०१० रोजी ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अमक्याचे वकीलपत्र घ्यायचे नाही असे वकील संघांचे ठराव बेकायदा आणि निरर्थक आहेत. बार कौन्सिलचा नियम ११ ही तेच सांगतो: आपण ज्या न्यायालयात काम करतो तिथे योग्य फी मिळत असेल तर वकिलाने काम स्वीकारावे, खास कारण असेल तरच नाकारावे.

म्हणून एखाद्या गुन्ह्यानंतर संताप पेटतो आणि वकील संघावर ठरावासाठी दबाव येतो, तेव्हा संघाच्या अध्यक्षांनी दोन ओळींचे पत्रक काढावे: ‘घडलेल्या घटनेने आम्हीही व्यथित आहोत. आरोपीला वकील मिळणे हा कायद्याचा भाग आहे आणि तो वकील आपले कर्तव्य करत आहे.’ एवढे छापून आले तरी त्या वकिलाच्या घरच्यांना रात्री झोप लागेल.

निषेधाची वाटही बंद नाही. हरीश उप्पल प्रकरणात (१७ डिसेंबर २००२) सर्वोच्च न्यायालयाने वकिलांचा संप बेकायदा ठरवला, पण पत्रके काढणे, मुलाखती देणे, दंडावर फिती बांधणे, न्यायालयाच्या आवाराबाहेर फलक धरणे आणि शांततेने मोर्चा काढणे हे मार्ग मोकळे असल्याचे त्याच निकालात सांगितले.

वकीलच नेता असतो तेव्हा

नंदुरबारमध्ये ही रोजची बाब आहे. अक्कलकुव्याचे अनेक वेळा आमदार आणि २०१९ ते २०२२ या काळात आदिवासी विकास मंत्री राहिलेले ॲड. के. सी. पाडवी आणि २०२४ मध्ये खासदार झालेले त्यांचे पुत्र ॲड. गोवाल पाडवी, दोघेही वकील. आमदार-खासदारांना वकिली करण्यास कायद्याने बंदी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०१८ रोजी स्पष्ट केले. प्रचारात त्यांनी पक्षाची बाजू मांडणे हा त्यांचा हक्कच आहे. काळजी घ्यायची ती दोन टोप्या वेगळ्या ठेवण्याची: सभेत बोलताना आपण चालवत असलेले प्रकरण नको आणि न्यायालयात उभे राहताना सभा नको.

कसाब खटल्यातले विशेष सरकारी वकील, जळगावचे उज्ज्वल निकम यांचे उदाहरण अधिक बारकाईने पाहावे. कसाबने बिर्याणी मागितली ही बातमी देशभर गाजली. मार्च २०१५ मध्ये जयपूरच्या परिषदेत त्यांनी स्वतःच सांगितले की ती गोष्ट खरी नव्हती, आरोपीबद्दल तयार होत असलेली सहानुभूतीची लाट रोखण्यासाठी आपण ती सांगितली होती. त्यांची त्या खटल्यातली मेहनत मोठी आहे आणि पुरावाही भक्कम होता. म्हणूनच माझे मत असे की त्या खटल्याला खोट्या वाक्याची गरजच नव्हती. सरकारी वकील जे बोलतो ते लोक सरकारचे आणि न्यायाचे बोलणे समजतात. ती बिर्याणी अजूनही राजकीय भाषणांत शिजते आहे. २०२४ मध्ये त्यांनी भाजपतर्फे लोकसभा लढवली, पराभवानंतर त्यांची विशेष सरकारी वकील म्हणून पुन्हा नेमणूक झाली तेव्हा विरोधकांनी आक्षेप घेतला, आणि जुलै २०२५ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले. पक्षाशी नाते जोडणे गैर नाही. पण ते जोडल्यावर खटल्यातला प्रत्येक जाहीर शब्द लोक त्या चष्म्यातून ऐकणार, याचे भान ठेवावेच लागते.

अमेरिकेतल्या फर्मवर काय वेळ आली

अशील कोण होता यावरून वकिलाला शिक्षा देण्याचा प्रकार २०२५ मध्ये अमेरिकेत उघडपणे झाला. ६ मार्च २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी पर्किन्स कुई या फर्मविरुद्ध आदेश काढला. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारयंत्रणेचे काम केल्याचा राग त्यात उघड होता. पॉल वाइस या फर्मने ४ कोटी डॉलरच्या मोफत कामाचे आश्वासन देऊन समझोता केला. अशा समझोत्याच्या वाटेने एकूण नऊ फर्म गेल्या. पर्किन्स कुई, जेनर अँड ब्लॉक, विल्मरहेल आणि सुसमन गॉडफ्री या चौघी मात्र न्यायालयात गेल्या आणि जून २०२५ अखेरपर्यंत चारही आदेश जिल्हा न्यायालयांनी रद्द ठरवले. लढणाऱ्यांनी जाहीरपणे मांडलेली गोष्ट पक्षाची नव्हती. कोणाचे वकीलपत्र घ्यावे हे सरकारने ठरवायचे नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि म्हणून वेगवेगळ्या मतांचे वकील त्यांच्यामागे उभे राहू शकले.

मग बोलायचे तरी काय?

भरपूर बोलायचे, पण कायदा बोलायचा. जमातीचा दाखला अवैध ठरल्यावर एका बाजूचा वकील स्टेटस ठेवतो: ‘बोगसांना चपराक!’ दुसरा ठेवतो: ‘षड्यंत्राविरुद्ध लढू!’ यातून कोणालाच काही मिळत नाही. तिसरा लिहितो: ‘तपासणी समितीच्या निर्णयाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात जावे लागते. निर्णयाची प्रत, शाळेचे जुने दाखले आणि वडिलांकडच्या नातेवाइकांची वैधता प्रमाणपत्रे जपून ठेवा.’ हे वाक्य दोन्ही तटांच्या घरात उपयोगी पडते. वनहक्काचेही तसेच: ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि त्या समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे दाद मागायला प्रत्येकी ६० दिवस मिळतात. कित्येक दावे अन्यायापेक्षा या मुदतीच्या अज्ञानाने बुडतात.

सर्वांत मोठी बातमी तर अजून पाड्यापाड्यांत पोहोचायची आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, सर्व महिलांना आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. म्हणजे या जिल्ह्यातल्या बहुसंख्य लोकांना. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे. कायदेविषयक शिबिरात पाहुण्यांच्या सत्काराला जाणारा वेळ हे पावरी, भिली आणि अहिराणीत समजावण्याला दिला, तर वकिलांबद्दलचा आदर आपोआप वाढेल.

जाहीर बोलण्याआधी वकिलाने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. हे बोलायला अशिलाची संमती आहे का? हे प्रकरण अजून न्यायालयापुढे आहे का? हे वाचून मला काम मिळावे असा यात डाव आहे का? आणि उद्या दुसऱ्या तटातला माणूस हे वाचून माझ्याकडे यायला कचरेल का? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ किंवा बाकीच्यांपैकी एकाचेही ‘हो’ आले, तर तो मजकूर पाठवू नये.

शेवटी महत्त्वाचे

वकिलाला मत नसावे असा याचा अर्थ नाही. मतदान करावे, पक्षात जावे, चुकीच्या कायद्यावर लेख लिहावेत. फक्त अशिलाचे प्रकरण आपल्या राजकारणाचे इंधन करू नये आणि राजकारणाच्या भीतीने अशील नाकारू नये. संभाजीनगरला जायचे भाडे उसने घेणाऱ्या माणसाला दुसरा वकील शोधत फिरणे परवडत नाही. तालुक्याच्या गावी मोजकेच वकील असतात. त्यातल्या अर्ध्यांनी स्वतःला एका झेंड्याशी बांधून घेतले, तर उरलेल्या झेंड्यांच्या माणसांसाठी न्यायालयाचे अर्धे दार बंद होते. ते पूर्ण उघडे ठेवणे ही वकिलाची जबाबदारी आहे, आणि तिची सुरुवात तो बाहेर काय बोलतो इथूनच होते.